पाने मोजणारे दाते



शाळेच्या ग्रंथालयातील दाखल रजिस्टरमध्ये पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत यांबरोबर पानांचाही रकाना असतो. तो भरायचा कंटाळा येतो. या एका रकान्याचे मोल ज्यांनी ओळखले, त्या शंकर गणेश दाते यांची ही ओळख.

दाते यांचा जन्म 1905 चा. आधी त्यांनी लोककथा गोळा करून छापल्या. मग एक अचाट काम अंगावर घेतले. 1800 पासून 1937 पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची यादी करायची! श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण छापले गेले 1805 साली. म्हणजे मराठी छपाईचा जवळजवळ सगळा काळ आला. हे काही सरकारी खात्याचे काम नव्हते. दाते ग्रंथालये धुंडाळीत आणि पुस्तक स्वतः पाहून नोंद करीत.

नोंद करणे सोपे वाटते, पण तसे नाही. जुन्या पोथीची पत्रे सुटी असतात आणि आकडा पत्राच्या एकाच बाजूला असतो. शेवटचा आकडा 50 दिसला तरी मजकुराच्या बाजू 100 भरतात. मग पत्रे लिहायची की पृष्ठे? छापील पुस्तकात प्रस्तावनेचे आकडे वेगळे आणि मजकुराचे वेगळे. ते दोन्ही वेगवेगळे लिहावे लागतात. आकाराचेही तसेच. छपाईचा ताव तीनदा घडी केला की 8 पाने, म्हणजे 16 पृष्ठे होतात. त्याला अष्टपत्री म्हणतात. ताव डेमी की क्राउन यावरून पुस्तक लहानमोठे होते. (घरी जुन्या वर्तमानपत्राच्या तावाची घडी करून पाहा, लगेच कळेल.)

एवढे कशाला? एकाच नावाची दोन पुस्तके असतात. एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या निघतात, त्यात भर पडते, कधी काटछाट होते. वाळवीने मुखपृष्ठ खाल्ले तर साल आणि छापखाना दोन्ही गेले. हातात उरलेली प्रत कोणती, पुरी की अपुरी, हे पृष्ठसंख्येवरून ताडता येते. नोंदच नसेल तर शेवटची वीस पाने गेली हे कोण सांगणार?

‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, कागदाच्या टंचाईत निघाला. दुसरा, 1938 ते 1950 चा, 1961 मध्ये. दोन्ही मिळून वीस हजारांहून अधिक नोंदी. आजच्यासारखा संगणक नव्हता. चिठ्ठ्या लिहायच्या, विषयवार लावायच्या, पुन्हा तपासायच्या. कादंबऱ्या वाचणारे पुष्कळ, पण अशी सूची कोण वाचतो? तरी मराठीत संशोधन करणाऱ्याला आजही ती उघडावीच लागते.

दुसरा भाग निघाल्यावर तीनच वर्षांनी, 1964 मध्ये दाते वारले. 1950 नंतरच्या पुस्तकांचे काम राहिले होते. ते पुढे शरद साठे यांनी हाती घेतले.