विल्यम डॅम्पियर: लुटीपेक्षा नोंदी जपणारा समुद्री चाचा

पायरसी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? टेलिग्रामवर फिरणारे सिनेमे, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, नाहीतर मॉड केलेली एपीके फाइल. टेक्नॉलॉजीच्या जगात 'पायरेट' या शब्दाला एक वेगळंच ग्लॅमर आहे. नियम मोडणारा तो भारी, असं एक गणित डोक्यात बसलेलं असतं. हे गणित कितपत खरं आहे ते बघायचं असेल तर ३०० वर्षांपूर्वीच्या एका खऱ्याखुऱ्या चाच्याची गोष्ट बघायला हवी. त्याचं नाव विल्यम डॅम्पियर. त्याने जहाजं लुटली, पण आज तो ओळखला जातो तो त्याच्या वह्यांमुळे.

सुरुवात कुठून झाली?

डॅम्पियरचा जन्म १६५१ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेट भागातल्या ईस्ट कोकर गावातला. आई-वडील लवकर गेले आणि पोरगा समुद्रावर कामाला लागला. पुढे इंग्लंड आणि हॉलंडच्या युद्धात तो नौदलात होता. नंतर जमैकात मळ्यावर नोकरी करून पाहिली, ती जमली नाही. मग मेक्सिकोच्या कँपेचे उपसागरात तो लाकूडतोड्या झाला. कापडाला रंग देण्यासाठी युरोपात या लाकडाला मोठी मागणी होती. १६७६ मध्ये एका भयानक चक्रीवादळाने त्याचं होतं नव्हतं ते सगळं नेलं. पण वादळात काय काय घडलं याचं तपशीलवार वर्णन त्याने लिहून ठेवलं. सवय अशी लागली.

१६७९ च्या सुमारास तो कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांच्या टोळीत गेला. त्या काळी अमेरिका खंडाचा पॅसिफिक किनारा हा स्पेनचा खाजगी इलाखा होता. बाहेरच्यांना तिथे प्रवेश बंद आणि तिथले नकाशे गुप्त. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम क्लोज्ड आणि पासवर्ड एकाच कंपनीकडे. चाच्यांनी ते कुंपण ओलांडलं.

बांबूतला बॅकअप

१६८१ मध्ये टोळीत फूट पडली. डॅम्पियर आणि काही साथीदार पनामाची चिंचोळी पट्टी पायी ओलांडून परत निघाले. जंगल, मुसळधार पाऊस आणि फुगलेल्या नद्या. हा प्रवास २३ दिवस चालला. बाकीचे लोक लूट सांभाळत होते. डॅम्पियरने मात्र एक जाड बांबू घेतला, त्यात आपल्या वह्या आणि कागद भरले आणि दोन्ही तोंडं मेणाने बंद केली. नदी पोहून जाताना सगळं भिजलं, पण वह्या कोरड्या राहिल्या.

आपण फोन पाण्यात पडल्यावर बॅकअपचा विचार करतो. हा माणूस नदीत उतरायच्या आधी करत होता!

त्याच वर्षी, मागे राहिलेल्या टोळीने स्पेनच्या एका जहाजावरून त्या किनाऱ्याचे नकाशे पळवले. टोळीचा म्होरक्या बार्थोलोम्यू शार्प लंडनला परतल्यावर त्याच्यावर खटला चालला, तो निर्दोष सुटला, आणि त्या नकाशांच्या प्रती राजापर्यंत पोहोचल्या. सोन्यापेक्षा माहिती महाग असते हे त्या काळीही सरकारांना नीट कळत होतं.

लूट कमी, नोंदी जास्त

१६८३ मध्ये डॅम्पियर पुन्हा निघाला आणि यावेळी त्याने जवळजवळ अख्ख्या पृथ्वीला फेरी मारली. मेक्सिकोहून गुआम बेटापर्यंत पॅसिफिक ओलांडायला सुमारे ५० दिवस लागले. खाणं इतकं संपत आलं की खलाश्यांनी आधी कप्तानालाच मारून खायचा बेत केला होता. बेट वेळेवर दिसलं म्हणून तो वाचला. १६८८ च्या जानेवारीत हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याला लागलं. त्याच वर्षी डॅम्पियर टोळी सोडून निकोबार बेटांवर उतरला आणि तिथून मोजक्या माणसांबरोबर एका होडीतून, वादळाला तोंड देत सुमात्राला पोहोचला.

या सगळ्यात तो काय लिहीत होता? वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो, भरती किती चढते, कुठलं फळ खाता येतं, कासव कुठे अंडी घालतं. सेन्सर नव्हते, जीपीएस नव्हतं. डोळे, शाई आणि चिकाटी एवढंच हार्डवेअर.

चाच्याने डेटा उघडा केला

१६९१ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा खिसा रिकामा होता. १६९७ मध्ये त्याने प्रवासाचं पुस्तक छापलं आणि ते तुफान गाजलं. १६९९ मध्ये पुढचा भाग आला. त्यात वारे, वादळं, भरती-ओहोटी आणि समुद्री प्रवाह यांवर एक स्वतंत्र प्रकरण होतं. आपल्या मोसमी वाऱ्यांच्या नोंदीही त्यात होत्या. समुद्राच्या पृष्ठभागावरचे प्रवाह आणि वारा यांचं नातं त्याने मांडलं, आणि सोबत वाऱ्यांचे नकाशे दिले, पॅसिफिकसह.

खरी गंमत इथे आहे. अशी माहिती म्हणजे व्यापारी गुपित. ती दडवून विकता आली असती. डॅम्पियरने ती छापली, आणि मग ती कुणीही वापरू शकत होतं. पुढे जेम्स कुकच्या मोहिमेत त्याचं पुस्तक जहाजावर होतं. चार्ल्स डार्विनच्या बीगल जहाजावरही होतं. हवामानाच्या अॅपवर तुम्ही वाऱ्याचे बाण बघता, त्यामागे आज उपग्रह आणि सुपरकॉम्प्युटर आहेत, पण वाऱ्याची पद्धतशीर नोंद करून ती सगळ्यांसमोर नकाशावर मांडायची, ही परंपरा घडवणाऱ्यांत हा माणूस आहे.

पण हिरो म्हणण्याआधी थांबा

याच डॅम्पियरची दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फिलिपिन्सकडच्या बेटांवरून गुलाम म्हणून नेलेला जिओली नावाचा अंगभर गोंदण असलेला माणूस त्याच्या ताब्यात आला. मालकीचा अर्धा हिस्सा त्याच्याकडे होता. त्याने जिओलीला इंग्लंडला आणलं आणि पैशांची चणचण पडल्यावर आपला वाटा विकून टाकला. लंडनमध्ये जिओलीला तिकीट लावून लोकांना दाखवलं गेलं. ऑक्सफर्डमध्ये देवीच्या रोगाने तो मेला. त्याला घरी पोहोचवणारं कुणी नव्हतं.

पुस्तकाच्या यशानंतर सरकारने डॅम्पियरला 'रोबक' नावाचं जहाज दिलं. १६९९ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे भागातून वनस्पती गोळा केल्या, त्यांचे नमुने आजही ऑक्सफर्डमध्ये आहेत. पण कप्तान म्हणून तो वाईट निघाला. हाताखालच्या अधिकाऱ्याला त्याने बदडलं आणि बेड्या घातल्या. परतीच्या वाटेवर १७०१ मध्ये जहाज असेन्शन बेटाजवळ बुडालं. १७०२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला क्रूर वागणुकीबद्दल दोषी धरलं, पगार कापला आणि नौदलाचं जहाज चालवायला अपात्र ठरवलं.

पुढच्या मोहिमेतही भांडणंच झाली. तिच्यातल्या दुसऱ्या जहाजावरचा अलेक्झांडर सेलकर्क कप्तानाशी बिनसल्यामुळे १७०४ मध्ये एका निर्जन बेटावर मागे राहिला. १७०९ मध्ये वुड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला सोडवलं, तेव्हा त्या जहाजावर वाट दाखवणारा होता डॅम्पियरच. 'रॉबिन्सन क्रूसो'मागे सेलकर्कच्या गोष्टीची प्रेरणा असल्याचं मानलं जातं. डॅम्पियर तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला आणि १७१५ मध्ये लंडनमध्ये कर्जात वारला.

मग आपण यातून काय घ्यायचं?

नियम तर त्या टोळीतल्या प्रत्येकानेच मोडले होते. शेकडो चाचे आले, लुटून गेले, त्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत. डॅम्पियरला वेगळं केलं ते तीन गोष्टींनी: रोज नोंद ठेवली, ती जिवापाड जपली, आणि शेवटी सगळ्यांसमोर ठेवली. या तिन्ही गोष्टींसाठी चाचेगिरीची गरज नव्हती.

आम्ही कोड लिहिणारे लोक 'नियम तोडा आणि पुढे जा' हे वाक्य फार ऐकतो. एखादं बंद कुंपण ओलांडावं का, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडणारच. तो पडला की दोन साधे प्रश्न विचारा. याची किंमत कोण मोजतंय? आणि यातून जे मिळेल ते फक्त माझं राहणार की इतरांच्याही कामाला येणार? वाऱ्यांच्या नकाशाच्या बाबतीत डॅम्पियरची दोन्ही उत्तरं चांगली होती. जिओलीच्या बाबतीत दोन्ही वाईट. माणूस एकच होता.