सर अल्बर्ट हॉवर्ड : आधी मातीला जेवू घालणारा शास्त्रज्ञ

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, आपल्या वसई-विरारच्या वाडीत केळीचा घड उतरवला की खांब आणि पानं मागे राहतात. शाळेच्या आवारातही पाचोळ्याचा ढीग साचतो. त्याला काडी लावण्याआधी या माणसाचं चरित्र वाचा आणि मुलांनाही सांगा.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकून १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या. शेतकऱ्यांना शिकवायला आलेले हॉवर्ड शेतकऱ्यांनाच गुरू मानू लागले.

पुसाला त्यांनी एक गोष्ट पाहिली. सकस जमिनीतला चारा खाणारे त्यांचे बैल शेजारच्या लाळ-खुरकूत झालेल्या गुरांच्या नाकाला नाक लावत, तरी आजारी पडले नाहीत. माती सकस तर पीक सकस, आणि पीक सकस तर खाणारा निरोगी, असं त्यांचं मत बनलं. अर्थात हे निरीक्षण होतं, सिद्ध झालेला प्रयोग नव्हे. हा फरक मुलांना जरूर समजावून सांगा.

१९२४ मध्ये ते होळकरांच्या इंदूरला नव्या संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. तिथे यशवंत वाड या सहकाऱ्यासोबत त्यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, तीन वेळा खालीवर करायचं. साधारण तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार!

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचं या पद्धतीवरचं पुस्तक निघालं आणि हॉवर्ड मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतात.

आज बाजारात बायोस्टिम्युलंटच्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या कित्येकांत ह्युमिक आम्ल असतं. मुळांची वाढ आणि जमिनीतली अन्नद्रव्यं घेण्याची त्यांची ताकद वाढावी, म्हणून ते देतात. असे ह्युमिक पदार्थ चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्येही असतात. म्हणजे वाडीतला कचरा हे फुकटचं भांडवलच.

पालेभाजी खा, लोह मिळेल, असं आपण वर्गात शिकवतो. पण भाजीत लोह येतं मातीतूनच. मातीच उपाशी असेल तर भाजीने ते आणायचं कुठून? म्हणून परसबागेत एक खड्डा करा. केळीचे खांब बारीक तुकडे करून टाका, कारण त्यांत पाणी फार असतं. वर सुका पाचोळा, शेण आणि थोडी माती घाला. खत खालीवर केल्याच्या तारखा मुलांनाच वहीत लिहू द्या. मग एका वाफ्यात हे खत घालून आणि दुसऱ्यात न घालता मेथी लावा. पानांची उंची मुलांनीच मोजावी आणि फरक त्यांनीच सांगावा.