पंडिता रमाबाई आणि हातांची विद्या

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरी जुन्या लुगड्यांची एखादी तरी गोधडी असते. चिंचवड, भोसरी, चाकण ह्या बाजूस आज कारखाने उभे आहेत आणि यंत्रावर विणलेली ब्लँकेटे दुकानोदुकानी मिळतात. तरी माहेरची गोधडी कोणी टाकून देत नाही. जीर्ण वस्त्रांचे थर एकावर एक अंथरून कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालीत जावे, ह्या कामास शाळा लागत नाही. म्हणूनच की काय, त्यास विद्या म्हणावयास आपण कचरतो. पंडिता रमाबाई कचरल्या नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्या बाळपणात आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले होते. त्या मातेनेच पुढे कन्येस पढविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे व मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी. पुढे १८७४ ते १८७७ ह्या वर्षांत दुष्काळाने गाठले. होते नव्हते ते विकून झाले. शास्त्रे मुखोद्गत होती, परंतु हातांस कोणताच धंदा ठाऊक नव्हता. मोलमजुरी कुळाच्या अभिमानास रुचेना, भीक मागवेना. झाडांची पाने खाऊन दिवस काढावे लागले. प्रथम पिता, मग माता, मग थोरली बहीण अशी तिघे गेली. रमाबाईंनी हे सर्व पुढे स्वतः लिहून ठेविले, आणि त्यात आपल्या अभिमानावर पांघरूण घातले नाही.

उरलेली भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी हिंडत उत्तरेस गेली. पंजाबात झेलम नदीच्या तीरी कडाक्याची थंडी. अंगावर जाड वस्त्र नाही, कांबळे नाही. तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे केले, त्यांत निजून डोके तेवढे बाहेर ठेविले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. चार चिंध्या जोडावयास शिकलेले हात ज्या घरी असतात, त्या घरच्या लेकरांवर अशी पाळी सहसा येत नाही.

पुढचा वृत्तांत पुष्कळांस ठाऊक आहे. १८७८ साली कलकत्त्यात पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला. १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, व पुढील वर्षी ते पुण्यास नेले.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या. त्या मुलींच्या चेहऱ्यांत त्यांस आपलेच बाळपण दिसले असल्यास नवल नाही. शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. पुण्यात प्लेगाचे दिवस असल्याने त्यांस सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव येथे नेऊन ठेविले, तेच मुक्ती. गुजराथेतील दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथे दीड हजारांवर माणसे होती.

इतक्या जणींस पोसणे हे एक संकट. पण दान आटले म्हणजे ह्या काय करतील, हे त्याहून मोठे. सगळ्याच मुली पुस्तकात रमणाऱ्या नव्हत्या, आणि शास्त्र्याच्या घरास पुस्तकाने तारले नाही हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून अक्षरांबरोबर त्यांनी शिवण, भरतकाम व मागावरील विणकाम शिकविले. शेत, गोठा व तेलाचा घाणाही बायकांच्याच हाती दिला. आंधळ्या स्त्रियांसाठी बर्तीमी सदन होते. मनोरमेने अमेरिकेत शिकलेली ब्रेल लिपी त्यांस शिकविली, आणि बोटांनी चाचपून त्या टोपल्या विणू लागल्या. यापो येथील दुर्कस विधवांसाठी अंगरखे व वस्त्रे करी, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. मुक्तीत मात्र विधवाच सुई धरून बसल्या, व दुसऱ्यांस पुरवू लागल्या. विधवेने ओसरीच्या अंधारात तोंड लपवून बसावे अशा त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

स्वतः रमाबाई साध्या पांढऱ्या वस्त्रात असत. अखेरची वर्षे त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषांतून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालविली. ते खेड्यातील बायकांस कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविण्याचे काम तेथल्याच मुलींनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा प्रभूकडे गेली. त्या दुःखातही मातेने भाषांतराचे काम सोडले नाही. ते शेवटास नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निजल्या.