अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष

इ. स. १७८९ च्या एप्रिल महिन्याची ३० तारीख होती. न्यूयॉर्क शहरातील फेडरल हॉलसमोर लोकांची अलोट गर्दी जमली होती. वरच्या सज्जात एक उंच, धिप्पाड, ५७ वर्षांचा गृहस्थ उभा होता. बायबलवर हात ठेवून त्याने राज्यघटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतली आणि लोकांनी त्याचा जयघोष केला. हा गृहस्थ म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन.

वॉशिंग्टनचा जन्म १७३२ मध्ये व्हर्जिनियातील एका जमीनदार कुटुंबात झाला. तो ११ वर्षांचा असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. शालेय शिक्षण त्याला फारसे लाभले नाही. पण जमीन मोजण्याची विद्या त्याने हस्तगत केली आणि सतराव्या वर्षी तो सरकारी मोजणीदार झाला. पुढे तो सैन्यात शिरला. १७७५ मध्ये तेरा वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा सेनापतिपद त्याच्याकडे आले. आठ वर्षांच्या झुंजीनंतर देश स्वतंत्र झाला. विजयी सेनेच्या बळावर राज्य बळकावणारे सेनापती इतिहासात थोडे नाहीत. वॉशिंग्टनने मात्र १७८३ मध्ये आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि तो माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतीवाडीकडे परतला.

नव्या राष्ट्राची घडी मात्र नीट बसेना. तेरा राज्यांच्या संघाला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. काँग्रेसने केलेले ठराव अमलात आणणारा स्वतंत्र प्रमुखही नव्हता. म्हणून १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे घटना परिषद भरली. तिचा अध्यक्ष वॉशिंग्टन होता. नव्या घटनेने काही अधिकार राज्यांकडे ठेवले व काही संघ सरकारला दिले. संघ सरकारचेही तीन विभाग केले. कायदे करावेत काँग्रेसने, ते अमलात आणावेत राष्ट्राध्यक्षाने आणि न्यायनिवाडा करावा न्यायालयांनी, अशी ती व्यवस्था होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी सर्व निर्वाचकांनी एकमुखाने वॉशिंग्टनला निवडले.

घटनेत अधिकार लिहिलेले होते. पण ते वापरावे कसे, याचा पूर्वीचा दाखला नव्हता. आपले आजचे पाऊल ही उद्याची वहिवाट होईल, याची वॉशिंग्टनला जाणीव होती. काँग्रेसने परराष्ट्र, अर्थ व युद्ध अशी तीन खाती निर्माण केली. त्यांवर त्याने अनुक्रमे जेफर्सन, हॅमिल्टन व नॉक्स यांना नेमले. रँडॉल्फला सरकारचा कायदेविषयक सल्लागार केले. या नेमणुकांना सीनेटची संमती आवश्यक होती. घटनेत मंत्रिमंडळाचा उल्लेखही नव्हता. वॉशिंग्टन या चौघांना एकत्र बोलावून विचारविनिमय करू लागला आणि त्यातून मंत्रिमंडळाची प्रथा रूढ झाली. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावरून हॅमिल्टन व जेफर्सन यांच्यात तीव्र मतभेद झाले. वॉशिंग्टनने दोघांची मते लेखी मागविली, त्यांचा विचार केला आणि स्वतःच्या जबाबदारीवर विधेयकावर सही केली. पुढच्याच वर्षी घटनेशी विसंगत वाटलेले दुसरे एक विधेयक त्याने काँग्रेसकडे परत पाठविले. राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरल्याचा तो पहिला प्रसंग होय.

लवकरच कसोटीची वेळ आली. काँग्रेसने दारू गाळण्यावर कर बसविला होता. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी धान्याची दारू गाळून विकत. त्यांना हा कर जाचक वाटला. १७९४ मध्ये त्यांनी कर वसूल करणाऱ्या एका अधिकाऱ्याचे घर जाळले. कायद्याची अंमलबजावणी करणे हे राष्ट्राध्यक्षाचे कर्तव्य होते. परंतु त्यासाठी फौज बोलावण्यापूर्वी न्यायाधीशाचा दाखला घ्यावा, असाही कायदाच होता. वॉशिंग्टनने तो दाखला घेतला. मग जाहीरनामा काढून बंडखोरांना घरी परतण्यास सांगितले आणि बोलणी करण्यासाठी माणसे पाठविली. बोलण्यांनी बंड शमेना, तेव्हा चार राज्यांतील सुमारे १३,००० नागरिक-सैनिकांची फौज निघाली. वाटेत काही मजल वॉशिंग्टन स्वतः तिच्याबरोबर होता. फौज येताच बंड विरून गेले. पुढे दोघांना राजद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झाली. घटनेने दिलेला क्षमेचा अधिकार वापरून वॉशिंग्टनने त्या दोघांनाही जीवदान दिले.

त्याच्या चरित्राला एक काळी बाजूही आहे. स्वातंत्र्यासाठी लढलेला हा पुरुष जन्मभर गुलाम बाळगत होता. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे, अशी तरतूद त्याने केली. पण ती मृत्युपत्रात.

१७९२ मध्ये तो पुन्हा एकमताने निवडून आला होता. १७९६ मध्ये मात्र तिसऱ्यांदा उभे राहण्यास त्याने नकार दिला. तसे करण्यास घटनेची आडकाठी नव्हती. मार्च १७९७ मध्ये जॉन ॲडम्सने शपथ घेतली आणि वॉशिंग्टन सामान्य नागरिक म्हणून माउंट व्हर्ननला परतला. तेथेच १४ डिसेंबर १७९९ रोजी त्याचे निधन झाले.

त्याने घालून दिलेली दोन कार्यकाळांची मर्यादा १९४० पर्यंत कोणीही ओलांडली नाही. त्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आला. त्यानंतर १९५१ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि एका माणसाने स्वेच्छेने पाळलेला संयम पुढच्या सर्व राष्ट्राध्यक्षांसाठी कायदा झाला.