मेख न ठोकणारा माणूस

गेल्या डिसेंबरपासून आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये दोन पार्ट्या झाल्या आहेत. मेसमध्ये बसायची टेबलंसुद्धा वेगळी झाली. कारण ऐकून हसाल, पण कारण आहे एक भेग. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला एका छोट्या कड्यावर आमच्या सीनिअर्सना सरळ वर जाणारी एक सुंदर क्रॅक सापडली. उंची साधारण साठ फूट. आधी कुणी चढल्याची खूण नाही. पहिल्याच रविवारी वर जाताना एका दादाचं चोकनट निसटलं, तो दहा-बारा फूट खाली आला आणि पाय मुरगळून महिनाभर कुबड्यांवर होता. लगेच मीटिंग झाली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, ड्रिल मारून पाच-सहा बोल्ट ठोका, म्हणजे ज्युनिअर्सना सेफ होईल. बाकीचे म्हणाले की बोल्ट ठोकले की त्या क्रॅकमध्ये उरलं काय?

मला क्लाइंबिंगमधलं फार कळत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'खोबण', 'कपार', 'मेख' हे शब्दसुद्धा मी इथे येऊन शिकले. म्हणून ठरवलं की आधी वाचायचं, मग मत द्यायचं. वाचता वाचता एका माणसाची गाठ पडली, ज्याने हेच भांडण १९११ साली सुरू केलं होतं. त्याचं नाव पॉल प्रॉइस.

प्रॉइसचा जन्म १९ ऑगस्ट १८८६ ला ऑस्ट्रियातल्या आल्टाउसे या डोंगराळ गावी झाला. वडील संगीत शिकवायचे. लहानपणी त्याला पोलिओसारखा आजार झाला, अंग लुळं पडलं आणि काही काळ चाकाच्या खुर्चीत काढावा लागला. हळूहळू तो सावरला. चालणं आणि व्यायाम यांच्या जोरावर त्याने शरीर परत कमावलं. तो साधारण दहा वर्षांचा असताना वडील गेले. वडिलांचं बोट धरून जे डोंगर पाहिले होते, तिथे हा पोरगा मग एकटाच भटकायला लागला. पुढे त्याने वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. म्हणजे अभ्यास सोडून डोंगरात पळणारा तो नव्हता, हे आमच्या एचओडी सरांनी कृपया लक्षात घ्यावं!

अवघ्या सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात त्याने सुमारे १२०० चढाया केल्या. त्यातल्या ३०० च्या आसपास एकट्याने केल्या, आणि दीडशेच्या आसपास अशा की तिथे आधी कुणी चढलंच नव्हतं. १९११ च्या जुलैमध्ये टोटेनकिर्खल नावाच्या शिखराची पश्चिम भिंत तो एकटा, तीन तासांच्या आत चढला. त्यानंतर चारच दिवसांनी, २८ जुलैला, इटलीतल्या डोलोमाइट भागात कांपानीले बास्सो या सुळक्यासमोर तो उभा होता. सोबत बहीण मीना आणि मित्र पॉल रेली होते. त्या दोघांना खाली थांबवून तो पूर्वेच्या कोऱ्या भिंतीवर निघाला. शंभर मीटरहून जास्त उंचीची उभी भिंत, ना दोर, ना मेख. दोन तासांत तो माथ्यावर होता. खाली मान वर करून बसलेल्या बहिणीचे ते दोन तास कसे गेले असतील, ते मात्र कुठल्या रेकॉर्डमध्ये येत नाही.

त्या काळात आल्प्समध्ये लोखंडी मेखा आणि कॅराबिनर नुकतेच आले होते. भेगेत मेख ठोकायची, तिला दोर अडकवायचा आणि जिथे हात पुरत नाही तिथे दोरावर लटकून पुढे सरकायचं. त्यामुळे आतापर्यंत अशक्य वाटणाऱ्या भिंती पडायला लागल्या. सगळे खूश होते. प्रॉइसला मात्र हे खटकलं. १९११ मध्येच त्याने एका जर्मन मासिकात कृत्रिम साधनांवर लेख लिहिला आणि मोठा वाद पेटला. पुढे त्याने आपले सहा नियम मांडले. माझ्या भाषेत त्यांचा अर्थ असा: चढाई जेवढी कठीण, त्यापेक्षा आपली तयारी जास्त हवी. जे उतरून येता येतं, तेवढंच चढावं. खरा धोका आला तरच साधन वापरणं योग्य. मेख ही अडचणीतली सोय आहे, चढायची पद्धत नव्हे. दोर मदतीला असावा, पण चढाई त्याच्या भरवशावर नसावी. आणि सगळ्यात वरचा नियम सुरक्षिततेचा, पण ती लोखंडातून येत नाही, स्वतःच्या ताकदीचा खरा अंदाज घेण्यातून येते.

विरुद्ध बाजूलाही काही साधीसुधी माणसं नव्हती. टीटा पियाझ हा नावाजलेला गाईड होता. दुसऱ्यांना सुखरूप परत आणणं हाच त्याचा धंदा. प्रॉइसचं ऐकून तरुण पोरं मरतील, अशी त्याला भीती होती. हान्स ड्युल्फर तर मेखा आणि दोर वापरून नव्या भिंती उघडणारा त्या पिढीचा हिरो. जानेवारी १९१२ मध्ये म्युनिकला या प्रश्नावर खास सभा भरली. प्रॉइस एकटा पडला असं नाही, पण बहुतेकांना त्याचं म्हणणं फार कडक वाटलं.

मग त्याच वर्षी एक भयानक गोष्ट घडली. १५ ऑगस्ट १९१२ ला माँ ब्लाँजवळ प्रॉइस, केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ एच. ओ. जोन्स, त्यांची नुकतीच लग्न झालेली पत्नी म्युरिअल आणि त्यांचा गाईड असे चौघे निघाले होते. प्रॉइस नेहमीसारखा बिनदोराचा पुढे होता. मागचे तिघे एका दोरात. गाईडच्या हातातला दगड निखळला, तो पडला आणि दोराने बाकीच्या दोघांनाही ओढून नेलं. प्रॉइसने ते डोळ्यांनी पाहिलं. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. दोर वाचवतो असं आपण धरून चालतो, पण कातळात पक्कं काही नसेल तर तोच दोर तिघांना नेतो. मग याला प्रॉइसच्या बाजूचा पुरावा म्हणायचं की पियाझच्या? मला दोन्हीकडून पटत होतं.

प्रॉइस आपल्या मतापासून हलला नाही. तो गावोगाव व्याख्यानं देत राहिला, लोक गर्दी करत. ३ ऑक्टोबर १९१३ ला तो ऑस्ट्रियातल्या मांडलकोगेलच्या उत्तर धारेवर एकटा चढत होता. तिथून तो पडला, जवळपास ३०० मीटर. ताज्या बर्फाखालून त्याचा देह सापडायला बरेच दिवस लागले. तो कसा पडला हे पाहायला कुणीच नव्हतं. ज्यू वंशाचा असल्यामुळे पुढे नाझी काळात त्याचं नावही मागे टाकलं गेलं. नंतर १९७८ मध्ये ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढणाऱ्या राइनहोल्ड मेसनरने त्याच्यावर लिहिलं आणि जगाला तो परत आठवला.

आता आपल्या नाशिककडे येऊ. हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सगळ्यांनी फोटोत पाहिल्या आहेत. त्याच किल्ल्याचा सुमारे १७० मीटरचा एक उभा कडा 'स्कॉटिश कडा' म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर १९८६ मध्ये डग स्कॉट हे गिर्यारोहक तो चढले, त्यांना जवळपास दोन दिवस लागले. गंमत म्हणजे स्कॉट हे स्कॉटलंडचे नव्हतेच, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे! आडनावावरून कड्याचं बारसं झालं.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्ट आहे. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. त्या भेगा म्हणजे निसर्गाने दिलेली अँकरची जागाच. प्रॉइसच्या वेळी भेगेत ठोकायला मेखच होती, आज चोकनट आणि फ्रेंड आहेत. मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते, फ्रेंडच्या कॅमचा आकार लॉगरिदमिक स्पायरल असतो, त्यामुळे भेग रुंद असो की अरुंद, कातळाशी होणारा कोन तोच राहतो. तो कोन १४ अंशांच्या आसपास. टॅन १४ म्हणजे सुमारे ०.२५. घर्षणाचा गुणांक त्याहून जास्त असला की तो धरतो, आणि काम झालं की हाताने काढून घेता येतो. मागे काही राहत नाही. बोल्टचं तसं नाही. भोक एकदा पडलं की पडलं. शिवाय आपल्या पावसात साधा लोखंडी बोल्ट गंजतो आणि वरून धड दिसणारा बोल्ट आत किती खाल्ला गेलाय ते कळत नाही. म्हणजे 'बोल्ट आहे म्हणजे सेफ' हेही खरं नाही. पण उलट बाजूही आहे. आपल्या कातळाचे थर ठिसूळ आहेत, कधी कधी भेगेची कडच सुटते, मग त्यातला फ्रेंड काय करणार?

जानेवारीत मी प्रॉइसचा दुसरा नियम स्वतःवर करून पाहिला. वरून दोर लावून त्या क्रॅकवर वीस फूट चढले. फार खूश झाले. मग दादाला म्हटलं, आता मला तसंच चढून खाली यायचंय. सहा फूट आले आणि हात सुटले, दोरावर लटकले. वर जाताना मी जे केलं त्यातलं अर्धंच माझं होतं, बाकी अर्धं त्या दोराचं.

म्हणून मीटिंगमध्ये मी असं सुचवलं: कड्याच्या माथ्यावर, जिथे बांधायला झाड नाही, तिथे दोन चांगले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मारावेत, म्हणजे ज्युनिअर्स वरून दोर लावून शिकतील. भेगेच्या बाजूला मात्र एकही नको. ज्याला लीड करायचंय त्याने आधी चढून आणि उतरून दाखवावं. दोन्ही पार्ट्या माझ्यावर नाराज झाल्या. प्रॉइसलाही माझे ते दोन बोल्ट आवडले नसते. पण कुबड्या घेऊन जिना चढणाऱ्या दादाला मी महिनाभर पाहिलंय, आणि सुळक्याखाली वाट पाहणाऱ्या मीनालाही मला विसरता येत नाही.

निर्णय पावसाळ्यानंतर होणार आहे. तोपर्यंत ती भेग तशीच आहे. मित्रांनो, ड्रिल उचलायच्या आधी एकदा येऊन ती बघून जा.