हँडल मारणाऱ्या हातांची सुटका

मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूला, रेडियस या हाडाचे टोक बोटाने सहज चाचपता येते. ते मोडले की अस्थिरोगाच्या पुस्तकात त्याला 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. शोफर म्हणजे पगारी ड्रायव्हर. आज हे हाड बहुधा हातावर पडल्याने किंवा दुचाकीच्या अपघातात मोडते. पण नाव ड्रायव्हरचेच राहिले आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटार चालू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि सगळा जोर मनगटावर येई. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा धडा नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळे. तरीही हात मोडत.

अमेरिकेतले मोटार कारखानदार बायरन कार्टर १९०८ मध्ये वारले. एका बाईची बंद पडलेली गाडी चालू करताना हँडल उलटून त्यांना लागले आणि त्यातून पुढे न्यूमोनिया झाला, असे सांगतात. या कथेच्या तपशिलांवर इतिहासकारांचे एकमत नाही. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांच्या मनाला मात्र ही गोष्ट लागली होती, असे म्हणतात. हँडल काढून टाकण्याचे काम त्यांनी ज्याच्याकडे सोपवले, तो चार्ल्स केटरिंग.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकऱ्याच्या घरातला. डोळे लहानपणापासून अधू. वाचायला बसले की डोके ठणकायचे. या डोळ्यांपायी कॉलेज सुटले, मग टेलिफोनच्या खांबांवर तारा ओढायचे काम केले आणि पुन्हा कॉलेज गाठले. खोलीतले सोबती पुस्तके वाचून दाखवत, हा ऐकून शिके. १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो विद्युत अभियंता झाला.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला तेव्हा हाताने दांडा फिरवावा लागे. केटरिंगने त्याला विजेची मोटर लावली. एवढी छोटी मोटर जळेल, असे जाणकारांना वाटत होते. केटरिंगचा हिशेब असा, की ही मोटर दिवसभर चालणार नाही. क्षणभर जोर लावून थांबणार आहे. माणूसही शंभर मीटर जिवाच्या आकांताने पळू शकतो, त्या वेगाने मॅरेथॉन पळू शकत नाही.

हाच हिशेब मोटारीला लागू पडला. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, हा समज प्रबळ होता. काही सेकंद अतिभार सोसणारी छोटी मोटर केटरिंगने बसवली आणि इंजिन चालू झाले की तेच यंत्र डायनॅमो होऊन बॅटरी भरेल, अशी जोडणी केली. बरेचसे काम एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या गोठ्यात झाले. फेब्रुवारी १९११ मध्ये लेलंड यांना ते चालवून दाखवले आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ते आले. आपल्याकडचे मेकॅनिक आजही 'गाडीचा सेल्फ गेला' म्हणतात, तो सेल्फ हाच. हँडलला हात लावायचा नाही म्हणून विजेच्या मोटारी पसंत करणाऱ्या अनेक बायका मग पेट्रोलच्या गाड्यांकडे वळल्या.

त्या पहिल्या गाडीत सुरू करताना चार बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट घेतले जात आणि दिव्यांसाठी, भरण्यासाठी ६ व्होल्ट. पुढे स्वस्ताईसाठी बहुतेक कंपन्यांनी सुरुवातही ६ व्होल्टवरच आणली. जुन्या गाड्या जपणाऱ्यांची डोकेदुखी इथूनच सुरू होते.

रक्तवाहिनी अरुंद झाली की पलीकडे दाब कमी पोहोचतो, तसेच तारेचे आहे. एक किलोवॉट ताकद हवी असेल तर १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर लागतात, ६ व्होल्टवर १६७. तारांत आणि जोडांत मिळून एका ओहमचा दोनशेवा भाग एवढाच अडथळा धरला, तरी १२ व्होल्टच्या गाडीत साडेतीन टक्के दाब वाटेत जातो, ६ व्होल्टच्या गाडीत चौदा टक्के. त्यात थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातले तेल घट्ट होते. शिवाय त्याच बॅटरीवर ठिणगीची कॉइलही चालते. सेल्फने व्होल्टेज खाली ओढले की ठिणगीही दुबळी पडते. ही कॉइलची पद्धतही केटरिंगचीच.

म्हणून अशी गाडी कण्हत फिरू लागली की नवी बॅटरी आणण्याआधी तारा पाहाव्यात. पुष्कळदा कोणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक तार घातलेली असते. इथे बोटाएवढी जाड तांब्याची लागते. अर्थिंगच्या जागेवरचा रंग आणि गंज खरवडून, बॅटरीपासून गिअरबॉक्सपर्यंत थेट जाड पट्टी द्यावी. ८ व्होल्टची बॅटरी टाकून काहीजण वेळ मारून नेतात. त्यात दिवे जळतात आणि चार्जिंगचे गणित बिघडते. हा उपाय म्हणजे रोग ठेवून तापाची गोळी देणे.

केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. त्याच्याच हाताखाली टॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये शोधले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिनाचा खडखडाट थांबतो. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही वैद्यकाला चांगले ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला, केटरिंगने बाजू मांडली आणि विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. तोवर पिढ्यान् पिढ्या मुलांच्या रक्तात ते जात राहिले. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित पातळी सापडलेली नाही. हँडलने मोडलेला हात सहा आठवड्यांत जुळतो. केटरिंगच्या चरित्रात हे प्रकरण चार ओळींत उरकणाऱ्यांनी ही तुलना करून पाहावी.

याच माणसाला वैद्यकाची ओढ होती. १९३० च्या दशकात त्याने डेटनच्या डॉ. वॉल्टर सिम्पसन यांच्यासोबत रुग्णाला गरम दमट हवेच्या पेटीत ठेवून मुद्दाम ताप आणण्याचे यंत्र उभे केले. सिफिलिसवर त्याचा उपयोग होई. पेनिसिलिन आल्यावर ते मागे पडले. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोग संशोधनाची स्लोन-केटरिंग संस्था निघाली, तिच्या नावात आल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर तो आहे.

सहा व्होल्टचा अंतही काहीसा त्याच्याच हातून झाला. त्याने पुरस्कार केलेली जास्त दाबाची इंजिने फिरवायला जुनी बॅटरी पुरेना, तेव्हा १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्या १२ व्होल्टवर गेल्या. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये केटरिंग वारला. शहरालगतच्या वस्तीला त्याचे नाव त्याच्या हयातीतच मिळाले होते.