देवाची सेविका सिस्टर थिया बोमन



ह्या रविवारी आपण अमेरिकेतील एका धर्मभगिनीची ओळख करून घेऊ या. आपल्या मुलांना श्रद्धा शिकवताना त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचे, गोष्टींचे आणि पूर्वजांच्या इतिहासाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामापुढे असतो. सिस्टर थिया यांनी आपल्या आयुष्याने त्याचे उत्तर दिले.

मिसिसिपी राज्यात 29 डिसेंबर 1937 रोजी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव बर्था. वडील थिऑन बोमन डॉक्टर, आई मेरी एस्थर शिक्षिका. कॅन्टन गावातील कृष्णवर्णीयांना डॉक्टर मिळत नाही म्हणून वडील तेथे येऊन राहिले होते. अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली होती. तरी काळ्यांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, ही रीत दक्षिणेत चालूच होती. बर्था एकुलती एक. आसपासच्या वृद्ध माणसांकडून ती गाणी शिकली. अक्षराची बंदी असलेल्या गुलाम पूर्वजांनी मोशेची, दानिएलाची, येशूच्या क्रूसाची कथा ह्याच गाण्यांत जपून ठेवली होती.

घर कॅथोलिक नव्हते. गरिबांसाठी झटणारे धर्मगुरू व धर्मभगिनी पाहून नऊ वर्षांच्या बर्थाने कॅथोलिक होण्याची इच्छा सांगितली आणि आईवडिलांनी ती मानली. मुलीला वाचन नीट जमत नाही हे पाहून आईने तिला गावातील फ्रान्सिस्कन भगिनींच्या नव्या शाळेत घातले. तेथे ती वाचायला लागली, आणि पुढे तिला व्रतस्थ व्हावेसे वाटू लागले. आईवडिलांनी विरोध केला, तेव्हा तिने जेवण सोडले! अखेर त्यांनी होकार दिला. 1953 साली पंधरा वर्षांची बर्था उत्तरेकडील ला क्रॉस शहरात नित्य आराधनेच्या फ्रान्सिस्कन भगिनींच्या मठात दाखल झाली. त्या संस्थेत ती एकटीच काळी होती. क्षयरोगाने तिला बरेच महिने इस्पितळात ठेवले. तीही परीक्षा तिने पार केली. व्रतस्थ जीवनात तिला थिया हे नाव मिळाले. वडिलांच्या नावाशी त्याचे नाते आहे आणि देवाशीही.

मठातील जेवण, बोलणे, गाणे, प्रार्थनेची रीत, सारे गोऱ्या भगिनींच्या वळणाचे. सिस्टर थियांनी ते प्रेमाने स्वीकारले. 1961 साली त्या कॅन्टनच्या आपल्याच शाळेत शिक्षिका म्हणून परतल्या. तो काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा होता. जून 1966 मध्ये त्याच गावात मोर्चातील लोकांनी मुक्कामासाठी तंबू उभारले, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. आपण कमी प्रतीचे आहोत, असे मुलांना रस्त्यावर रोज ऐकवले जात असताना सिस्टर थियांनी शाळेत गायकवृंद उभा केला. पूर्वजांची गीते मुलांना शिकवली, त्यांमागचा इतिहास सांगितला. 1967 साली ह्या मुलांच्या आवाजातील गीतांची तबकडी निघाली. गुलामांच्या नातवंडांना कळले, की आपल्या घरातही जगाला देण्याजोगे काही आहे.

ह्याच सुमारास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रत्येक लोकसमूहाच्या भाषेला व संस्कृतीला उपासनेत मानाचे स्थान दिले. आपण मिस्सा मराठीत अर्पण करतो, ती त्याच परिषदेची देणगी. सिस्टर थियांना तिच्यामुळे वाट मोकळी झाली. वॉशिंग्टनच्या कॅथोलिक विद्यापीठात त्यांनी संत थॉमस मोर यांच्या तुरुंगातील ग्रंथावर प्रबंध लिहून 1972 साली डॉक्टरेट मिळवली. पुढे सहा वर्षे ला क्रॉसच्या महाविद्यालयात शिकवले. 1978 साली वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी त्या घरी आल्या आणि जॅक्सन धर्मप्रांताच्या बिशपांनी त्यांच्याकडे विविध संस्कृतींत सलोखा वाढवण्याचे काम सोपवले. आफ्रिकी झगा घालून त्या शाळाशाळांतून फिरत. गात, गोष्टी सांगत, मुलांना नाचायला लावत. 1980 साली न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर विद्यापीठात कृष्णवर्णीय कॅथोलिकांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत व अध्यापनात त्यांचा मोठा वाटा होता. 1987 साली कृष्णवर्णीय कॅथोलिकांसाठी निघालेल्या गीतसंग्रहातही त्यांचा लेख आहे.

1984 ह्या एकाच वर्षी त्यांचे आई आणि वडील गेले, आणि त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. मरण येईपर्यंत पुरेपूर जगायचे, असे त्यांनी ठरवले. 17 जून 1989 रोजी न्यू जर्सी राज्यात अमेरिकेतील बिशपांच्या सभेपुढे त्या चाकांच्या खुर्चीतून आल्या. उपचारांनी केस गेले होते. आईविना परदेशी पडलेल्या लेकराचे एक जुने गीत त्यांनी प्रथम गायिले. मग सांगितले, की आम्ही काळे कॅथोलिक ख्रिस्तसभेत रिकाम्या हातांनी येत नाही; आमचा इतिहास, आमचे गाणे, आमचे दुःख, सारे घेऊन येतो. शेवटी त्यांनी बिशपांना उभे केले, हात आडवे करून एकमेकांचे हात धरायला लावले आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे गीत गाऊन घेतले. अनेकांचे डोळे पाणावले. नऊ महिन्यांनी, 30 मार्च 1990 रोजी, कॅन्टनच्या घरी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांच्या नावे उभारलेल्या निधीतून कृष्णवर्णीय तरुणांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. 2018 साली त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू झाली.

देवाची कृपा मनुष्यस्वभाव पुसून टाकत नाही, ती त्याला पूर्णत्व देते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य पाठ करणे सोपे असते. सिस्टर थियांचे चरित्र वाचताना आम्हांला त्याचा खरा अर्थ दिसतो. ज्या मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटायला शिकवले, ते वेदीवर काय अर्पण करणार? त्याचे अर्धे मन दाराबाहेरच राहील.

आपल्या धर्मग्रामातील मुले आज चांगल्या शाळांत जातात, याचा आम्हांला आनंद आहे. पण आजीची भाषा, तिची गाणी, पूर्वजांनी श्रद्धा कशी टिकवली ती हकिकत त्यांना कोण सांगणार? हे काम पालकांचे, धर्मशिक्षकांचे आणि आमचेही आहे. सिस्टर थियांनी एकेका मुलाला जवळ घेऊन ते केले. आपणही एकेका मुलापासून सुरुवात करू या, आणि त्यासाठी प्रभूकडे बळ मागू या.